वन ऑफ

ड्रॉइंगच्या कागदावर उजवीकडे खाली एक चौकट असते. पार्टचं नाव काय, धातू कुठला आणि असे नग किती बनवायचे, हे त्या चौकटीत लिहायचं. इंग्लंडमध्ये नगांच्या रकान्यात 'फोर ऑफ', 'टू ऑफ' असं लिहायची पद्धत आहे. फोर ऑफ म्हणजे या ड्रॉइंगवरून चार नग करा. त्यात हे 'ऑफ' कुठून आलं, ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगू शकलेलं नाही. आमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या चीफला मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "इट्स ऑलवेज बीन ऑफ, मी डक," आणि पाइप कोरायला लागला.

'मी डक'चंही सांगून टाकतो. लेस्टरमध्ये बसचा कंडक्टर, दूधवाला, पोस्टातली बाई, कुणीही कुणालाही लाडानं 'माझ्या बदका' म्हणतं, आणि 'माय'चा उच्चार 'मी' असा करतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही माणसं मराठीतून आपण बदक असल्याचं जाहीर करताहेत. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरंच आहे की, आपण होऊन कबूल करतात." ती पुण्याची आहे.

मी कोल्हापूरचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आलो तो पाच वर्षांसाठी. अजून इथेच आहे.

आमची कंपनी लहान होती आणि ऑर्डरप्रमाणे मशीनं बांधायची. बाजारात जे मशीन तयार मिळत नाही ते हवं असलं की लोक आमच्याकडे यायचे. कुणाला बुटाच्या पट्ट्यावर बक्कल ठोकणारं हवं असायचं, कुणाला डब्यात पावडर भरून झाकण दाबणारं. असं मशीन जगात एकच होणार, म्हणून मुख्य ड्रॉइंगवर नेहमी 'वन ऑफ'. एकेका मशीनवर वर्ष-दीड वर्ष घासायचं, ड्रॉइंगांचे गठ्ठे काढायचे, मग खाली शॉपमध्ये, म्हणजे आमच्या वर्कशॉपमध्ये, ते हळूहळू उभं राहायचं. थोडं फिरवून बघायचं आणि एक दिवस ताडपत्री घालून लॉरीवरून ते निघून जायचं. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात ते बसवायला आणि चालू करून द्यायला इंग्रज इंजिनिअर जायचे. मला कधी पाठवलं नाही. चीफ म्हणायचा, गिऱ्हाईक जुन्या वळणाचं आहे, तुझा ॲक्सेंट त्यांना जड जाईल. माझ्या ड्रॉइंगांना ॲक्सेंट नव्हता, त्यामुळे ती चालायची. मशीन बंद पडलं की मात्र फोन थेट माझ्या टेबलावर. व्यवस्थित चालणाऱ्या मशीनबद्दल कुणी फोन करत नाही. त्यामुळे माझ्या लेखी माझी सगळी मशीनं कायम बंदच असायची.

लेस्टरमध्ये तेव्हा जी थोडी मराठी घरं होती ती डॉक्टरांची. गणपतीला कुणाच्या तरी हॉलमध्ये जमलो की नवा आलेला माणूस विचारायचा, "तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला?" मी सांगायचो, मी मशीनं डिझाइन करतो. "म्हणजे एक्स-रेची?" नाही, बक्कल ठोकायची. यावर ते प्रसादाकडे वळायचे. त्यात त्यांची चूक नव्हती, पण मला राग यायचा.

आता आबांचं. आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, त्यांची एक शेड होती. तिथे ते ऑइल इंजिनाचे बुश करायचे, म्हणजे फिरता दांडा ज्यात बसतो त्या धातूच्या आखूड नळ्या. एकाच मापाचे बुश, शेकड्यांनी, वर्षानुवर्षं. शाळा मराठी चौथीपर्यंत. मला त्यांनी इंजिनिअर केलं आणि इंग्लंडला जायला निघालो तेव्हा म्हणाले, "तिकडचं बघून ये. मग आपण दोघं मिळून मशीनं बांधू. बुश करून करून माझा पार बुश झालाय." त्यांनी त्याच वर्षी शेडमध्ये दुसरा लेथ आणून ठेवला होता, माझ्यासाठी. त्याला ग्रीस फासून वर गोणपाट टाकलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

मी काय शिकून जाणार होतो? माझ्या मनात ते पक्कं होतं. एक अख्खं मशीन, पहिल्या रेघेपासून माझं, गिऱ्हाइकाच्या जागेवर चालताना एकदा डोळ्यांनी बघायचं. तेवढं बघितलं की कोल्हापूर. त्याशिवाय परत जाणं म्हणजे नुसत्या रेघा मारायला शिकून जाणं. पण पहिल्या मशीनचा फक्त माल पुढे सरकवायचा भाग माझा होता. दुसऱ्याचं निम्मं काम दुसऱ्यानं केलं होतं. तिसरं माझं होतं, तर ते स्कॉटलंडला गेलं आणि तिथून फक्त तक्रारी आल्या. दर पत्रात मी आबांना लिहायचो, हे मशीन झालं की येतो. बायको म्हणायची, "अहो, तुमच्या मशीनला नववा महिना कधी लागतो तेवढं सांगा, म्हणजे मी बॅगा काढते." सुरुवातीला ती हसून म्हणायची.

मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही एकदा कोल्हापूरला जाऊन आलो. आई तोवर गेली होती. आबांची विधवा बहीण, माझी आत्या, घर बघायची. आबांना दाखवायला मी एका मशीनच्या मुख्य ड्रॉइंगची रद्द झालेली प्रिंट गुंडाळून नेली होती. शेडमध्ये लेथवर पसरून मी त्यांना सगळं समजावलं. हा कॅम फिरतो, हा दांडा वर जातो, इथं झाकण बसतं. ते बोट फिरवत ऐकत होते. मग त्यांचं बोट त्या चौकटीवर येऊन थांबलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे वाचता यायचे, आणि त्यांच्या लेथच्या स्टार्टरवर दोन बटणं होती, हिरवं ऑन आणि तांबडं ऑफ. ती अक्षरं ते आयुष्यभर बघत आले होते.

"एक. ऑफ," त्यांनी वाचलं. "म्हंजे एक मशीन बंद हाय व्हय तिकडं?"

मी हसलो आणि समजावून सांगितलं. बंद नाही आबा, एकच नग करायचा असा त्याचा अर्थ. त्यांनी मान हलवली. एकच नग करायला एवढी ड्रॉइंगं, याचंच त्यांना जास्त नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी शेडच्या भिंतीवर ती प्रिंट खिळ्यांनी ठोकलेली, आणि शेजारच्या फौंड्रीवाल्याला आबा सांगताहेत, "ह्ये बघा, हितं लिवलंय. एक मशीन बंद पडलंय तिकडं इंग्लंडात. त्येच्यासाठी पोराला ठिवून घेतलाय. चालू झालं की सोडत्यात त्येला."

मी पुन्हा समजावायला निघालो तर बायकोनं माझा शर्ट ओढला. घरी आल्यावर म्हणाली, "त्यांना समजलंय हो. पण तुमच्यापेक्षा त्यांचं बरं आहे. नवी मशीनं काय, एकामागून एक येतच राहणार. बंद पडलेलं मशीन कधीतरी चालू होतं."

आम्ही निघालो तेव्हा स्टँडवर आबांनी मला नव्या कोल्हापुरी चपला दिल्या. लेस्टरच्या थंडीत चपला घालायचे दिवस वर्षातून किती, ते मी बोललो नाही. गाडी सुटताना ते खिडकीशी येऊन म्हणाले, "चालू कर आन् ये." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पत्राचा शेवट एकच. मशीन चालू झालं का?

ते आमच्या घरातलं बोलणंच होऊन गेलं. गीझर नादुरुस्त झाला तरी बायको म्हणायची, वन ऑफ. मुलगी इथे वाढत होती. तिचं मराठी घरापुरतं आणि लिंगांच्या बाबतीत लोकशाही. पत्र आलं की ती विचारायची, "आजोबांची मशीन चालू झाला का?" आम्ही हसायचो. मलाही हसू यायचं, हे आता खरं वाटत नाही.

सत्तर उलटून दोनेक वर्षं झाल्यावर मला ते मशीन मिळालं.

लेस्टरजवळच्या एका गावात मोज्यांची जुनी गिरणी होती. तिथे पॅकिंग रूममध्ये बायका मोजे जोडीनं जुळवून, मधून घडी घालून, त्यांच्यावर कागदाचा पट्टा बसवायच्या. गिरणीच्या मालकाला हे सगळं करणारं एक मशीन हवं होतं. चीफ म्हणाला, हे पूर्ण तुझं. आणि या मालकाला तुझ्या ॲक्सेंटचं काही नाही, त्याच्या निम्म्या बायका तुमच्याकडच्याच आहेत. तूच जाऊन चालू करून दे. त्या दिवशी मी बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून पाव किलो पेढे घेऊन घरी गेलो. बायकोनं विचारलं काय झालं. म्हटलं, दिवस राहिले.

बायका घडी कशी घालतात ते बघायला मी पॅकिंग रूममध्ये जाऊन बसायचो. बोटं मोजा कुठे धरतात, अंगठा कधी वळतो, हे कागदावर काढायचो. बहुतेक गुजराती बायका होत्या. एकीनं हिंदीत विचारलं, भाईसाब, क्या देखते हो? मी म्हटलं, हाथ. ती हसली. मग मी हात कशासाठी बघतोय ते तिला कळलं असावं, कारण तिनं हात पदराखाली घेतले आणि मी पुढच्या टेबलाकडे जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत. मला ते लागलं. पण तिचा अंगठा मी आधीच काढून घेतला होता.

लोखंडाला लोखंडासारख्या वस्तू आवडतात. डबा, झाकण, बक्कल कुठेही धरा, तसंच राहतं. मोजा म्हणजे हट्टी पोर. उचलला की लोंबतो, टाकला की गुंडाळतो, आणि नायलॉनचा असला की सुटा होतच नाही. माझी स्टीलची बोटं मोजा बरोबर उचलायची, बरोबर वळवायची आणि मग तो सोडायचा विसर पडल्यासारखी तशीच परत यायची, मोजा चिकटलेला. नायलॉन घासला की त्यात वीज येते, तिचा हा खेळ. आम्ही पितळ लावून बघितलं, लाकूड लावून बघितलं, हवा फुंकून बघितली. महिनेच्या महिने त्यात गेले. चीफ रोज टेबलाशी येऊन चिकटलेला मोजा बघायचा आणि जायचा. मला झोपेत मोजे दिसायचे.

एका रविवारी दार उघडून बसलो होतो, चांगलं ऊन पडलं होतं म्हणून आबांनी दिलेल्या चपला पायात होत्या, आणि वर नायलॉनचे मोजे. पाय चपलेतून काढला तर मोजा सरळ सुटून आला. चपलेला चिकटला नाही. मी पुन्हा पाय घातला, पुन्हा काढला. बायको आतून बघत होती. तिला वाटलं, झालं, यांचं डोकं गेलं.

एका चपलेचा पट्टा कापून मी सोमवारी ऑफिसला नेला. बोटांवर तेवढं चामडं चिकटवलं, आणि मोजा उचलला, वळला, सुटला. पुढे रीतसर चामडं मागवलं, पण ते कसं कमावलेलं हवं ते त्या तुकड्यावरून ठरलं. आबांना मी हे लिहिलं तेव्हा त्यांचं उत्तर लगेच आलं. तुला चपला पायात घालायला दिल्या होत्या, असं लिहिलं होतं. खाली नेहमीचा प्रश्न होता. मग एक ओळ सोडून तोच प्रश्न पुन्हा होता. मला वाटलं, म्हातारा घाई करतोय.

मशीन खाली शॉपमध्ये पुरं उभं राहिलं तो हिवाळा विजेच्या टंचाईचा. कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळायची. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही ओव्हरकोट घालून, बोटं कापलेले हातमोजे घालून बसायचो. ज्या दिवशी वीज होती अशा एका दुपारी मी तांबड्या बटणाशेजारचं हिरवं दाबलं.

ती दुपार मला सांगता येत नाही, पण सांगतो. गिरणीतून पेटी भरून मोजे आणले होते. ते एका बाजूनं आत जात होते, चौदा बोटं एकामागून एक खाली यायची, अंगठा वळायचा, घडी पडायची, पट्टा बसायचा, आणि दुसऱ्या बाजूनं मोज्यांची जोडी अशी बाहेर यायची की कुठल्याही बाईनं बघून मान डोलवावी. मशीनचा आवाज अगदी बेताचा, दूर कुणीतरी तांदूळ निवडत असल्यासारखा. शॉपमधली माणसं हातातली कामं टाकून भोवती उभी राहिली. वरून चीफ आला. त्यानं पाइप तोंडातून काढला आणि मोज्यांची एक जोडी उचलून खिशात घातली. मी त्या अंगठ्याकडे बघत होतो. तो त्या बाईचाच होता, तंतोतंत. मला आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटत होती. पण आनंद जास्त होता, हे खरं.

संध्याकाळी घरी येऊन मी आबांना पत्र लिहिलं. मशीन चालू झालं, एवढंच. आता गिरणीत नेऊन बसवायचं, तिथं चालताना बघायचं, की निघालोच. बायकोनं दुसऱ्या दिवशी बेलग्रेव्ह रोडच्या वाण्याकडून चहाचे रिकामे खोके मागून आणले आणि वरच्या खोलीत रचून ठेवले.

मशीन गिरणीत गेलंच नाही. त्या हिवाळ्यात जुन्या गिरण्या एकेक करून मिटत होत्या, आणि ती त्यांतलीच एक. मालकानं फोन करून चीफला सांगितलं, की आपण कुलूप लावतोय. पॅकिंग रूममधल्या सगळ्या बायका माझ्या मशीनशिवायच घरी गेल्या. मोज्यांचं मशीन दुसऱ्या कुणाला विकावं, तर दुसऱ्या कुणाचे मोजे त्या मापाचे नव्हते, पट्टे तसे नव्हते, टेबलं तशी नव्हती. एका माणसाच्या अंगाला बेतून शिवलेला कोट, आणि तो माणूसच गेला.

मशीन शॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उन्हाळ्यापर्यंत उभं राहिलं. मग जागा हवी म्हणून ते मोडायचं ठरलं. चीफ माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, त्यातलं काय परत वापरता येईल ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही, तूच खडूनं खुणा कर. मी खाली गेलो. मोटर, बेअरिंगं, गिअर यांच्यावर बरोबरच्या खुणा केल्या. ती कुठेही चालतात. बोटांवर, अंगठ्यावर, त्या सगळ्या कॅमवर फुल्या मारल्या. त्यांचा या जगात दुसरा काही उपयोग नव्हता. जे जे माझं होतं त्या सगळ्यावर फुली पडली. फिटर लोक आदबीनं काम करत होते, प्रेताभोवती वावरावं तसे, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. त्यांनी शिव्या देत काम केलं असतं तर बरं झालं असतं.

आबांचं पत्र आलं. चालू झालं म्हणतोस, मग निघाला का नाहीस? त्यांनी लेथवरचं गोणपाट काढलं होतं, ग्रीस पुसलं होतं, फौंड्रीवाल्याला पेढे दिले होते. मी खरं ते लिहिलं. मशीन मोडलं आबा. गिऱ्हाईकच राहिलं नाही. यावर त्यांचं जे पत्र आलं त्यात माझ्या पत्राचा उल्लेखच नव्हता. शेवटी फक्त होतं, मशीन चालू झालं का? खाली पुन्हा तेच. आणि समासात, उभ्या ओळीत, पुन्हा. बायकोनं ते पत्र वाचलं आणि चहाच्या खोक्यांत मुलीचे लहान झालेले कपडे भरायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी आमच्या कंपनीचं ड्रॉइंग ऑफिस बंद झालं. चीफनं प्रत्येकाला बोलावून सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी, मी डक." त्याचं स्वतःचंही त्या दिवशी संपलं होतं. बाहेर येताना मनात आलं, खरंच आहे बाबा, तू डक, मीही डक.

मग तेव्हाच कोल्हापूरला का गेलो नाही, असं कुणीही विचारील. बायकोनंही विचारलं. पुण्याच्या माणसाला उद्यमनगर कळणार नाही. तिथे चहाच्या टपरीवर प्रत्येक जण विचारणार, काय बांधून आलास? हात हलवत मी काय सांगणार होतो, चौदा बोटं? मी रोज सकाळी कोट घालून नोकरी शोधायला जायचो. मुलाखतीत विचारायचे, तुम्ही आजवर काय काय बांधलंत? मी सांगायचो, आणि समोरचा म्हणायचा, हे सगळं फारच स्पेशल आहे. म्हणजे दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचं नाही. मीही त्याच रकान्यातला नग होतो, हे मला तिथं बसून कळलं.

शेवटी एका बिस्किटांच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये लागलो. खाकी कोट, हातात पाना. कुठलंही मशीन थांबलं की वर दिवा लागायचा, आणि मी जाऊन ते चालू करून द्यायचो. म्हणजे आबांचंच बरोबर निघालं. इंग्लंडात मशीन बंद पडलं होतं आणि त्यासाठी मला ठेवून घेतलं होतं. फक्त एक नव्हतं, आणि चालू झालं म्हणून मला कुणी सोडतही नव्हतं. टेबलाशी बसून काढलेली एक रेघही त्यानंतर माझ्या हातून उमटली नाही.

मग आत्याचं पत्र आलं, तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तुझे वडील विसरायला लागलेत, एकदा येऊन जा. मी रजा काढली आणि एकटाच गेलो. शेड तोवर फौंड्रीवाल्याकडे गेली होती, माझा लेथ त्याच्याकडे बुश करत होता. भिंतीवरची प्रिंट तेवढी आत्यानं काढून घरी आणली होती आणि पुढच्या सोप्यात लावली होती. ती पिवळी पडली होती.

आबा तिच्याखाली बाकावर बसले होते. स्वच्छ धोतर, दाढी केलेली, तब्येत चांगली. मी पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"असू द्या, असू द्या," ते म्हणाले. "कुठनं आलासा?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी आत्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

"इंग्लंडहून," मी म्हटलं.

आबांचा चेहरा खुलला. त्यांनी मला शेजारी बसवलं. "इंग्लंडवरनं? मग आमच्या पोराची गाठ पडत असंल की. त्यो बी तिकडंच हाय. ह्ये बघा." त्यांनी न बघताच हात वर केला, आणि बोट बरोबर त्या चौकटीवर गेलं. "एक मशीन बंद हाय त्येंचं. लई वर्सं झाली. पोरगं गुणी हाय, अर्धं टाकून यायचं न्हाई. त्येचा लेथ मी तयार करून ठिवलाय."

मी म्हटलं, आबा, मीच तो. त्यांनी माझ्याकडे मोठ्या सभ्यपणे बघितलं, आपण एखाद्या चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाकडे बघतो तसं, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मी सगळं सांगून बघितलं, आईचं नाव, शाळा, दुसऱ्या लेथचं गोणपाट. ते ऐकत होते. लोकांच्या मुलांच्या गोष्टी ऐकाव्यात तसे. थोड्या वेळानं मी थांबलो. मला फार एकटं वाटलं, इतकं लेस्टरमध्येही कधी वाटलं नव्हतं.

मग ते माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात, जणू परक्या माणसाला त्रास देतोय अशा संकोचानं त्यांनी विचारलं, "तुमी बघितलासा त्ये मशीन? चालू झालं का?"

"झालं," मी म्हटलं. "मी स्वतः बघितलं. झकास चालत होतं."

आबांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीला पाठ टेकली. ते दाराकडे बघायला लागले.

"मग निघाला असंल त्यो," ते म्हणाले, आणि आत्याकडे वळले. "ऐकलंस का? त्येच्या वाटणीचा भात टाक. आन् ह्या पावण्यास्नी बी जेवूनच धाडा."